निळ्या दोऱ्याची खूण

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गाऊन वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. कंबर सैल ठेवली आहे. नर्सबाईंचं माप दर वर्षी वाढतंच, हे मी धरूनच चालते. हुक भिंगरीनं लावले.

तिच्याबद्दलच लिहायचं आहे. आपली मधली गेल्यावर तिच्या लेकीला मी घरी आणलं, त्याला वर्ष झालं. म्हणायची भिंगरी, पण आताशा दिवस दिवस तोंडातून शब्द नाही. शाळेत कुणी जवळ बसलं तर ओरबाडते. गोळ्या मात्र सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला आपल्या हातानं घेते. शक्तीच्या गोळ्या म्हणून सांगून ठेवलंय.

ताई, घरात दोरे सापडू लागलेत. आम्हा शिंप्यांचं तुला ठाऊक आहे, एका घरच्या कपड्यांना एका रंगाचा दोरा बांधतो. हा निळा. आधी नळाला दिसला, मग दाराच्या कडीला. शेजारच्या मांजराच्या पायाला दिसला तेव्हा मी हसले. पण परवा एक गिऱ्हाईक तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. तिचं माप घेऊन वळते, तो बाळाच्या घोट्याला निळा दोरा! बाई करणी-बिरणी पुटपुटत, शिवलेले कपडे उचलून तडक निघून गेली. दोरा सोडवताना गाठ पाहिली. दोन वेढे, एक उलटा, टोक तिरकं कापलेलं. अशी गाठ फक्त मी मारते. मला माझ्याच हातांची भीती वाटली.

काल दुपारी मशीनपाशी डोळा लागला. जाग आली तर माझ्या मनगटावर तोच दोरा. भिंगरी समोर स्टुलावर, कात्री मांडीवर घेऊन, पापणी न लवता माझ्याकडे बघत होती. काय गं म्हणून विचारलं, तर उठून गेली.

मला आता झेपत नाही. तुझ्या ओळखीनं एखादं वसतिगृह बघशील? रागाव हवं तर, पण लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


दि. ११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गाऊन छान बसला. माझ्या मापाची चिंता तू करू नकोस. खालची दुमड टोचत होती म्हणून उसवली. आत एक गोळी निघाली, निळ्या दोऱ्यानं शिवून बंद केलेली. तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. ती भिंगरीची एचआयव्हीची गोळी आहे, आणि ती पोरीच्या पोटात असायला हवी होती.

पत्र मिळताच घरातल्या सगळ्या दुमडी उसव आणि पोरीला दवाखान्यात ने. औषध रोज घेतलं तर ही मुलं चारचौघांसारखी वाढतात. चुकवलं तर आजार डोकं वर काढतो.

तो आजार तिला जन्मापासूनचा, आईकडून आलेला. जवळ घेतल्यानं, एका कपातून प्यायल्यानं तो लागत नाही, हे मी तुला घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं. तरी विचारते, खरं सांग. पहिला दोरा कुणी बांधला?

पोर गप्प होते, ओरबाडते, ते अंगात काही शिरल्यामुळे नव्हे. सगळे तिच्याविषयी कुजबुजतात आणि तिला कुणी काही सांगत नाही म्हणून. दहा वर्षांची झाली. तिला सांग. वसतिगृहाचं मग बघू.

माया आहे म्हणून बोलते. फुगून बसलीस तरी उत्तर धाड.

ताई


दि. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकवीस गोळ्या निघाल्या. सहा माझ्या उशीत, बाकी पडद्यांत, माझ्या कपड्यांत, एक तर मांजराच्या गोणपाटात. त्या बाळाच्या घरी मी धावत गेले. झबल्याच्या दुमडीतही एक होती.

पहिला दोरा मीच बांधला. ती आली त्याच आठवड्यात, तिच्या कपाच्या कानाला. तिनं विचारलं तेव्हा सांगितलं की तुझं दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून. पोरीनं ते मनावर घेतलं. जिथं जिथं तिचा हात लागला, तिथं तिनं माझ्याकडे बघून शिकलेली गाठ मारली. आणि नुसत्या दोऱ्यानं भागेल असं वाटेना, म्हणून गिळल्यासारखं करून आपल्या शक्तीच्या गोळ्या आमच्या रक्षणाला कपड्यांत शिवत गेली. मी झोपले असताना तिनं माझा हात धरला होता. बस, एवढंच.

दवाखान्यात समुपदेशक बाईंसमोर मी तिला आजाराचं नाव सांगितलं. तिनं फक्त विचारलं की मग मावशी कधी मरणार. मला रडू आवरलं नाही. तिचं रक्त तपासायला दिलंय, निकाल यायचाय. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात.

घरी येऊन तिच्या उष्ट्या कपातला चहा मी प्याले. ती तशीच बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर ओणवा. माझा श्वास चालू आहे का ते बघत होती. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मात्र मलाच तिला हलवून उठवावं लागलं.

मग मी तिला आपला धंदा नीट सांगितला. एका रंगाचा दोरा वेगळं काढायला नसतो. एका घरचे कपडे एकमेकांपासून हरवू नयेत म्हणून असतो. दोघींनी मिळून घरातल्या सगळ्या कपांना निळा दोरा बांधला. अजून शाळेत कुणाजवळ बसत नाही. पण गोळी गिळली की तोंड उघडून दाखवते.

वसतिगृह बघू नकोस. सोबत भिंगरीनं वीतभर निळा दोरा दिलाय. तुझ्या कपाला बांध, असं तिनं सांगितलंय. आमच्यावर आहे तो लोभ दोघींत वाटून दे.

तुझी,
धाकटी