सरकती खोली आत घेताना

तलावाकाठचा कॅम्प, भिलाई
२२ डिसेंबर २०२४

चि. सौ. पंचफुला,

तुले आशीर्वाद, पावन्यांले नमस्कार अन् पोट्ट्यायचे गालगुच्चे. तुमसरले थंडी कशी हाये? तुझे गुडघे काय म्हणतेत? आमी दोघंही बरे हावोत, एकावर एक स्वेटर चढवून बसलो हावोत.

तुले नवल वाटलं असंल, ताई पत्र कावून लिहून राहिली, फोन मेला काय म्हणून. फोन जिता हाये वं. पण तुझा फोन आला का तुझे भाऊजी बाजूले येऊन बसतेत, मले स्पीकर लावाले सांगतेत, अन् आपलं बोलणं रंगात आलं का मधातच विचारतेत, तुमसरच्या बाजारात वांगे कसे दिले. दोघी बहिणींनी बोलावं कवा? म्हणून हे लिहून ठेवलं. आनंद सेक्टर ६ च्या मार्केटात भाजी आणाले जाते, त्याच्याजवळ देईन, तो पोस्टात टाकंल. आनंद म्हणजे इथला मॅनेजर, रायपूरचा. मराठी येत नाही त्याले, पण पोरगा गुणाचा हाये.

आता इथलं सांगते. स्टील प्लांटातून रिटायर झाल्यापासून हे बोरसीच्या घरात नुसते या खोलीतून त्या खोलीत. चालता पंखा खोलून बसत. कुकरची शिट्टी खोलली, ते आजलोक बसली नाही. त्यात हा कॅम्प निघाला. तलावाच्या काठावर घरासारख्या गाड्या उभ्या केल्या हायेत, दिवाळीपासून होळीलोक लोकं येऊन राहतेत, पक्षी पाहतेत, कोंबडी भाजतेत अन् जातेत. गाड्या सांभाळाले प्लांटमधला मेन्टेनन्सचा माणूस पाहिजे होता. हे एका पायावर तयार झाले. आमाले मागच्या बाजूले एक खोली देली हाये.

या गाड्यायची गंमत अशी का बटन दाबलं का एका बाजूची भिंत पलंगासकट बाहेर सरकते, टेबलाचा ड्रॉवर ओढावा तशी. खोली मोठी होऊन जाते. लोकं गेले का पुन्हा बटन दाबून आत घ्यायची. इंग्रजीत तिले स्लाइडआउट म्हणतेत, आमी सरकती खोली म्हणतो. लाड मात्र नवरदेवासारखे. आत घेण्याआधी तिच्या छतावरची पानं झाडायची, नाहीतर पान अडकून रबराची पट्टी फाटते अन् पाणी गळते. ते रबर ओल्या फडक्यानं पुसून त्याले पावडर लावायची. खालच्या पट्ट्या कोरड्या ठेवायच्या. आता कोरडं ठेवा म्हटलं तर प्लांटचा माणूस ऐकते काय? पहिल्याच दिवशी यायनं डब्बाभर ग्रीस थापलं. सारी मुरमाची धूळ त्यात चिकटली अन् खोली कुरकुर करून मधातच अडली. आनंदनं समजावून सांगितलं, हे हसले, हाव म्हणे. दोन दिवसांनी पुन्हा ग्रीस. मी गुपचूप रॉकेलनं पुसून काढलं. मग पुन्हा एकदा. जन्मभराची सवय हाये, हाताले काय कळते.

आत घेताना प्लांटचाच रिवाज पाळतेत. बटनावर हात ठेवून भोंग्यासारखा आवाज देतेत, "आत कोन हाये?" कोणी ओ दिली तर हात काढतेत. नाही दिली तर आणखी एकदा विचारतेत, मगच दाबतेत. बाजूच्या गाडीतले गेस्ट झोपेतून उठून सांगतेत का आमी हावोत म्हणून. आनंद हसते, पण आवाज खाली करा म्हणत नाही.

इथून प्लांटच्या चिमण्या दिसतेत. परवा सकाळी आंघोळ करून डब्बा मागाले लागले, म्हणे फर्स्ट शिफ्ट हाये. मले वाटलं थट्टा करून राहिले. मी पण डब्ब्यात दोन पोळ्या टाकून हातात देल्या. गेटपर्यंत जाऊन परत आले अन् गोऱ्यामोऱ्या चेहऱ्यानं बसून राहिले. आमच्या पोरीले, समीक्षाले, यातलं काही सांगजो नको. ते तिकडे बंगलोरले बसून डॉक्टर डॉक्टर करंल. या वयात इतकं तर होतेच.

यायचं काम झालं का मी मागून एक चक्कर टाकते. छत पाहते, रबर पाहते. बाईमाणसाची नजर, दुसरं काही नाही.

तुझीच,
सिंधुताई


तलावाकाठचा कॅम्प, भिलाई
११ मार्च २०२५

चि. सौ. पंचफुला,

आशीर्वाद. सारं खुशाल हाये असं या वेळी लिहिणार नाही, थोडं बसून वाच.

तुझं पत्र भेटलं. इतक्या पानायच्या पत्रातून तुले एकच गोष्ट दिसली, का ताई तू भाऊजीच्या मागं मागं कायले फिरून राहिली. लहानपणापासून तू अशीच. जिथं दुखते तिथंच बोट ठेवणारी. मले राग आला, म्हणून इतके दिवस उत्तर टाकलं नाही.

इथं आता मोहाची फुलं पडून राहिली. सरकत्या खोल्यायच्या छतावर सकाळी पिवळा थर असते, चिकट. पुसलं नाही तर मुंग्या लागतेत, रबराच्या आत घर करतेत. दिवसभर हातायले मोहाचा वास. गेस्ट लोकायले तो वास आवडते, मले आता नाही आवडत.

पाह्य, मी फुलं सांगत बसली. लिहायचं दुसरंच हाये.

मागच्या गुरुवारी गेस्ट गेले. मी एका गाडीत पलंग अन् कपाटाच्या मधात गुडघ्यावर बसून आतलं रबर पुसून राहिली होती. बाहेरून यायचा आवाज आला, "आत कोन हाये?" मी म्हटलं, मी हाये जी, थांबा. ते म्हणाले, बरं. मी पुन्हा फडकं फिरवाले लागली.

पंचे, मी ओ देली होती. त्यायनं ऐकलं होतं. बरं म्हणाले होते. अन् मग बटन दाबलं.

पलंग अंगावर आला. मी उठेपर्यंत डावा हात पलंगाच्या कडेत अन् कपाटात सापडला. मी अशी ओरडली का तलावावरचे पक्षी उडाले असं आनंद म्हणते. तोच धावत आला अन् बटन सोडवलं. हाड तुटलं नाही, दवाखान्यात फोटो काढला. पण खांद्यापासून कोपरापर्यंत हात वांग्यासारखा झाला हाये.

मी बाहेर आली. कधी माझ्यावर आवाज न चढवणारा माणूस, त्या दिवशी ओरडले, "तू आत होती तं बोलली कावून नाही?" मी म्हटलं बोलली होती. त्यायले खरं वाटलं नाही. त्यायनं आनंदकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, बाबूजी, मैंने भी रसोई से सुना था.

 यायनं कमरेच्या करदोट्याले बांधलेली गाड्यायची चावी सोडली अन् आनंदच्या हातावर ठेवली. म्हणाले, "माझ्या हातून माणूस सापडलं. आता मले मशीनवर ठेवू नका." इतकी वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली, यायच्या बटनाखाली कोणाचं बोटही आलं नव्हतं. गावाकडं लग्नात, मयतीत, जिथं बसतील तिथं तेच सांगत. तूही किती वेळा ऐकलं असंल अन् कंटाळली असंल.

मले वाटलं, झालं ते वाईट झालं पण मिटलं. चावी यायनं स्वतः देली, मले काही बोलावं लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठले अन् चावी शोधाले लागले. उशी उचलून पाहिली, माझी पेटी पालथी केली, आनंदवर चोरीचा आळ घेतला. शेवटी मी पदर सरकवून हात दाखवला अन् सांगितलं काय झालं ते. ते खालीच बसले. "मी केलं हे?" म्हणाले. मग स्वतः पाणी गरम करून माझा हात शेकला, शेकता शेकता रडले. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा चावी. पुन्हा मी सांगितलं, पुन्हा तेच तोंड, पुन्हा गरम पाणी. मी रोज सांगते अन् ते रोज पहिल्यांदा ऐकतेत. हात बरा होऊन राहिला वं, पण हे काही मले सोसत नाही.

तू विचारलं होतं ना कायले मागं फिरते. मले डिसेंबरमध्येच ठाऊक होतं. ग्रीस पुसत होती तवाच ठाऊक होतं. काम सुटलं तर हा माणूसच हातचा सुटंल, याचं भेव होतं, म्हणून कोणाले सांगितलं नाही, तुलेही नाही. आता डोळे मिटले का एकच दिसते. त्याच पलंगावर आदल्या रात्री एक तान्हं लेकरू झोपलं होतं. माझ्या जागी ते असतं तर मी कोणत्या तोंडानं जगली असती? देवानं माझा हात घेतला, लेकराचा नाही घेतला, म्हणून त्याले हात जोडते अन् स्वतःले शिव्या देते.

समीक्षाले काल मीच फोन करून सारं सांगितलं, तलावाच्या पाळीवर जाऊन, एकटीनं. ते रडली नाही, रागावलीही नाही, होळीच्या आधी येते म्हणाली. आनंदनं आमाले जा म्हटलं नाही, पण चावी आता त्याच्या गळ्यात असते अन् सरकत्या खोल्या तोच आत घेते. होळी झाली का आमी बोरसीले जाऊ, मग डॉक्टर. तू ये, पंचे. पोरगी चार दिवस राहंल अन् जाईल, तिची नोकरी हाये. माझ्या एकटीच्यानं हे होत नाही. मी कधी कोणाले असं म्हटलं नाही, तुले म्हणून राहिली.

आज सकाळी पुन्हा चावी शोधली. मी चहा ठेवत होती. माझ्या तोंडून तेच निघणार होतं, पण नाही निघालं. मी म्हटलं, तुमची ड्युटी संपली जी, चावी जमा झाली.

ते थांबले. म्हणाले, हार घातले काय?

घातले, मी म्हटलं. शाल देली, फोटो काढला, साहेब चांगलं बोलले.

बरं वाटलं त्यायले. कप हातात घेतला, फुंकर मारली, मग एकदम माझ्याकडे पाहून विचारलं, "माझ्या हातून कोनाले कधी लागलं तं नाही ना?"

मी डावा हात पदराखाली घेतला. म्हटलं, "नाही जी. कोनालेच नाही."

चहा सारा प्याले. त्या गुरुवारपासून पहिल्यांदा पोटभर खाल्लं, अन् आता बाहेर उन्हात डोळे मिटून बसले हायेत.

तू आली का मले पाहून तुले रडू येईल, मले ठाऊक हाये. ते मागच्या खोलीत जाऊन रडजो. त्यायच्या समोर हात कशानं काळा झाला असं विचारजो नको.

तुझी वाट पाहून राहिलेली,
सिंधुताई