साहेबाने दिलेले बूट

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून त्या बुटांपाशीच अडकले आहे. परवा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, कर्जतला तुमच्यासारखा फुटबॉल खेळणारा पुन्हा झाला नाही. मी मान डोलावली. मनात मात्र तेच आलं, जे दहाव्या वर्षापासून येतं: ती पेनल्टी तुम्ही मुद्दाम घालवलीत का?

तुम्ही रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये फायरमन होतात, घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनात कोळसा टाकायचात. रविवारी भात कापलेल्या खाचरात गावच्या क्लबाचा खेळ चाले. सगळे अनवाणी. धसकटांनी तळवे सोलून निघत, तरी डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळून तुम्ही असा फटका मारायचात की गोलकीपर जागचा हलत नसे. लोक तुम्हाला खांद्यावर घ्यायचे आणि मला वाटायचं, अख्खं कर्जत आपल्याच घरचं आहे. मग घाटावरच्या गोऱ्या साहेब लोकांच्या संघाशी सामना ठरला. आदल्या संध्याकाळी शेडचा साहेब, म्हणजे त्यांचाच माणूस, चक्क आपल्या दारात आला. हातात कागदात गुंडाळलेले बूट. अंगणात उभा राहून तो तुमच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलला. काय बोलला, ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. तो गेल्यावर बूट चढवून तुम्ही नारळाच्या सोडणाला तीन लाथा मारल्यात. तिन्ही वेळा ते वाकडं जाऊन गोठ्यात पडलं. आई चुलीपुढून हसली, "नवीन नाल मारलेल्या बैलावानी चालताय! उद्या नका घालू ते."

"सायबानं दिलंत गं," तुम्ही म्हणालात, "त्याच्यासमोर कसं नाय घालायचं?"

म्हणजे त्या बुटांत नेम लागत नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. मला सलतं ते हेच.

सामना मला आजही दिसतो. आधी तुम्ही अनवाणी आहात, तुमचा एक गोल झालाय, त्यांचाही एक. मध्यंतरात साहेब येऊन खुर्चीवर बसतो, तुमच्या पायांकडे बघतो आणि तुम्ही निमूट बूट चढवता. शेवटी आपल्याला पेनल्टी मिळते. सगळे ओरडताहेत, "बूट काढ रं!" तुम्ही एकदा खुर्चीकडे बघता आणि मारता. चेंडू बांधापलीकडे जातो. लगेच त्यांनी गोल केला, आपण हरलो, आणि दोन महिन्यांत तुम्ही बढती मिळून ड्रायव्हर झालात. क्लबातली माणसं तुम्हाला बघून वाट बदलू लागली. तुम्ही खाचराकडे पुन्हा फिरकला नाहीत, रविवारी ओट्यावर बसून तिकडचा गलका ऐकत राहायचात. मोठी झाल्यावर एकदा जेवताना मी विचारलंच, मुद्दाम मारलीत का? तुम्ही ताटावरून उठलात. खोटा माणूस असा उठतो की दुखावलेला, ते मला तेव्हाही कळलं नाही.

तुमच्या मागे ट्रंकेत ते बूट सापडले. पुढच्या टोकांत चिंध्या कोंबलेल्या, माझ्या जुन्या परकराच्या. सामन्याच्या सकाळी आई तोच परकर शोधत होती. म्हणजे बूट सैल होते आणि ते पायाला बसावेत म्हणून तुम्ही धडपडला होतात. ज्याला हरायचंच आहे, तो एवढा खटाटोप कशाला करील? पण मग इतकी वर्षं त्यांना तेल लावून जपलंत तरी का? माझा संशय असा कूस बदलतो, जात मात्र नाही.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून डाव्या बुटात ठेवते. एक राहिलंच. पेनल्टी मुद्दाम घालवल्याची गोष्ट गावात कुणी उठवली, असं तुम्ही शेवटपर्यंत आईला विचारत होतात आणि मी शेजारी बसून ऐकत होते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका तुमच्यासाठी हळहळत होत्या. मी घागर भरता भरता म्हणाले, "सायेब आमच्या घरी आलेला. बाबांना म्हायती व्हतं, त्या बुटांत नेम नाय लागत."

बाबा, ती मीच.