करडी कांडी

३ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. ताई, लोखंडानं काम केलं. साधं आयर्न क्लोराइड, आणि विरघळवायला उग्र सॉल्व्हंटच्या जागी नुसतं पाणी. महागडं पॅलेडियम घातल्याशिवाय जे दोन रेणू एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते सहा तासांत जोडले गेले. शंभरातले ब्याण्णव. सरांनी आकडा तीनदा वाचला आणि मग मला स्वतःच्या हातानं चहा आणून दिला.

लेख लिहायला घेतलाय. तो छापून आला की इथली कायमची जागा माझी, असं सर म्हणाले. सात वर्षं सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर कशी काढली, ते तू जाणतेस.

एक सहज विचारते. फ्लास्कमध्ये फिरायला तू दिलेली ती करडी चुंबकी कांडी मी अजून वापरते. तुझ्या प्रयोगशाळेत तिनं तू काय काय ढवळायचीस? भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता असू दे.

तुझी पिटकुली


११ मार्च

चि. पिटकुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभ्यानंच वाचलं आणि डोळे पुसायला रुमाल सापडेना. तुझे भावोजी म्हणतात, आता हिला भेटायचं तर आधी चिठ्ठी पाठवावी लागणार.

कांडीचं म्हणशील तर सहा वर्षं तिनं फक्त पॅलेडियम ढवळलं. मुळात पांढरीशुभ्र होती, धातू मुरून मुरून करडी झाली. टोकावरचा ओरखडा तुझा. शाळेत असताना माझं काम बघायला आलीस आणि पकडीनं उचलायला गेलीस. आता संग्रहालयात ठेवायचा विचार आहे की काय?

कामाचं लिहिते. तू जोडलेस तेच रेणू आमच्याकडे औषधाच्या कच्च्या मालासाठी जोडतात, पण सॉल्व्हंटमध्ये. त्याच्या वाफेनं रिअॅक्टरवरच्या मिस्त्रींचं डोकं दुपारपर्यंत गरगरायला लागतं, हातांची सालटं निघतात. परवा ते भिंत धरून जिना उतरत होते. तुझी पद्धत इथे लावा म्हणून मी साहेबांच्या मागे लागणार आहे. ते विचारतील, खात्री कुणाची? मी माझी देईन. म्हणून एकदा मला लिही की हे पक्कं आहे. तब्येतीला जप, आमची माया आहेच.

ताई


२४ मार्च

सौ. ताईस,
सा. न.

पक्कं आहे. निःशंक मनानं सांग. लेख पाठवला. इथे श्वास घ्यायला उसंत नाही, म्हणून चार ओळींवर भागव. तुझ्या मिस्त्रींना म्हणावं, पाण्याच्या वाफेनं कुणाचं डोकं फिरत नाही. माया असू दे.

पिटकुली


१८ जून

चि. पिटकुलीस,
अ. उ. आ.

लेख छापून आला, जागा मिळाली, सगळं कळलं. मला आनंद झाला आणि तो खरा आहे, हे आधी लिहून ठेवते.

इथे तुझ्या पद्धतीनं लावलेल्या चारही बॅचेस वाया गेल्या. लोखंड तेच, पाणी तेवढंच शुद्ध, तापमान तू दिलंस तेच. सहा तासांनी बघावं तर दोन्ही रेणू घातले तसेच. मिस्त्रींनी तोंडावरचा मुखवटा खुंटीला टांगून ठेवला होता, आता लागणार नाही म्हणून. सोमवारी तो परत चढवला.

रविवारी तुझी पत्रं काढून बसले. तीन मार्चच्या पत्रात तू सहज विचारलेला प्रश्न या वेळी काही सहज वाटेना. आमच्या रिअॅक्टरला ढवळायला पोलादी पातं आहे. तुझ्या फ्लास्कमध्ये माझी कांडी होती. काम तिच्यात मुरलेल्या पॅलेडियमनं केलं आणि नाव लोखंडाचं झालं, असं तर नाही? कोऱ्या कांडीनं तू करून पाहिलंस का?

ती कांडी पाठव, इथे तपासते. पॅलेडियम निघालं तर चूक दोघींची, कारण कांडी माझी. दोघी मिळून मासिकाला कळवू. अजाणता झालेल्या चुकीबद्दल कुणी फासावर देत नाही. वाट पाहते.

ताई


२७ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कांडी सोबत पाठवते आहे. बघ, काही निघायचं नाही. मला तर तुमच्या कारखान्याच्या भांड्यांचाच संशय आहे. कोऱ्या कांडीनं करून बघायला वेळ झाला नाही.

मासिकाला मात्र एवढ्यात लिहू नकोस. पहिलं वर्षभर ही जागा कच्चीच असते. लहानपणापासून तू मला सांभाळून घेतलंस, तुझ्याच जिवावर मी उभी आहे. तुझी माया अशीच राहो, याहून काही मागणं नाही.

तुझी, तुझीच पिटकुली


५ जुलै

पिटकुलीस,

कांडी मिळाली. टोकाला ओरखडा आहे, तेव्हा ती माझीच. रंग मात्र पांढराशुभ्र. तो करडेपणा साबणानं जात नाही, सोनंसुद्धा विरघळवणाऱ्या आम्लराजात बुडवून ठेवावी लागते, हे तुला मीच शिकवलं होतं. तपासायची गरज नव्हती, तरी तपासली. काही निघालं नाही. तू लिहिलंस तेवढं खरं झालं.

शंका तुला मार्चमध्येच आली होती. तू विचारलंस, मी उत्तर दिलं, आणि ते उत्तर हातात असताना तू लिहिलंस की पक्कं आहे. तू मला फसवलंस. जरा सौम्य शब्द मिळतो का ते दोन दिवस बघितलं, नाही मिळाला.

साहेबांना सांगितलं, खात्री माझी होती, चूकही माझी. मला रिअॅक्टरवरून काढलंय, आता गोदामात नमुन्यांना लेबलं लावते. मिस्त्रींना जाऊन सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, बहिणीवर नाही तर माणसानं कुणावर विसंबायचं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांनी मला चार शब्द सुनावायला हवे होते.

आणि वेडे, एक गोष्ट तुझ्या लक्षातच आली नाही. एवढ्याशा कांडीत मुरलेल्या पॅलेडियमनं, नुसत्या पाण्यात, शंभरातले ब्याण्णव रेणू जोडले. शोध तोच होता, आणि लोखंडापेक्षा मोठा होता. खरं लिहिलं असतंस तर तुझी जागा तुला मिळाली असती आणि मिस्त्रींचा मुखवटा खुंटीवर राहिला असता. आता त्यात पॅलेडियम किती होतं ते मोजायला काही शिल्लक नाही. ते तू मोरीत ओतलंस.

तुझं तीन मार्चचं पत्र सोबत परत पाठवते आहे. तुला आधीपासून माहीत होतं, याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा होता. नक्कल ठेवलेली नाही. मासिकाला पाठवायचं की त्याचंही कांडीसारखंच करायचं, ते तुझं तू ठरव. मी त्यातलं एक अक्षर पुसलेलं नाही.

लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही.

ताई