पाय धुण्याचं पाणी

कुंभवली, शनिवार

प्रिय भावेश,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं, पण लिहिलं. मागच्या वर्षी आपलं लग्न ठरलं होतं, तेव्हाची सवय. खरं सांगू? माझा भाऊ चिंतू गेला, तेव्हापासून मी तुझं वाईटच चिंतलं. तुमच्या कारखान्यात तो टाकी साफ करायला उतरला आणि गॅसने गुदमरून गेला. सुपरवायझर तू. पोलिसांना तू सांगितलंस, चिंतू कुणाला न विचारता, मास्क न लावता, आपल्या मस्तीत उतरला. मेलेल्या माणसावर ठपका ठेवायला काय लागतं? तो थोडाच उठून बोलणार! प्रार्थनेत सगळे क्षमा मागायचे, मी तुझा सत्यानाश मागायचे.

परवा, शुभ शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी, तू प्रार्थनाघरात आलास. येशूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून त्या दिवशी आम्ही एकमेकांचे पाय धुतो, हे तुला ठाऊक होतं. तरी येऊन शेवटच्या बाकावर बसलास, आणि आई परात घेऊन नेमकी तुझ्याकडेच निघाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पाणी आणायचं काम माझं. चुलीवरचं उकळतं पाणी मी तसंच परातीत ओतलं, थंड मिसळलंच नाही. तुझी कातडी सोलून निघावी, एवढीच इच्छा होती.

रागात एक विसरले. आमच्यात पाय धुणारा आधी आपला हात पाण्यात घालून बघतो. आईने घातला. ओरडली नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, शकूमावशीकडून थंड पाणी मागून घेतलं आणि त्याच हाताने तुझे पाय धुतले. "पाय दे रं पोरा, लाजू नको," म्हणाली. तू रडत होतास, तुला काही कळलं नाही. तिच्या बोटांना टपोरे फोड आलेत. मलम लावताना मला म्हणाली, "तुजा राग माज्या हातावर निघाला, बरं झालं. आता सोड त्याला."

मी सोडणार नाही, भावेश. मी आई नाही.

चिंतूचा बंद पडलेला फोन बुधवारी बोईसरच्या दुकानातून दुरुस्त होऊन आला. त्यात तो गेला त्या सकाळचा तुझा रेकॉर्ड झालेला आवाज आहे: "मास्क नाय मिळत तर तसाच उतर, दोन मिनिटांचं काम हाय." सोमवारी दहा वाजता मी तो पोलीस ठाण्यात ऐकवणार. तुला कळवायचं नव्हतं, बेसावध धरलेलं बघायचं होतं. पण आईचा हात बघून एवढंच माझ्याच्याने होतंय: उद्याचा रविवार तुला देते. माझ्या आधी तूच पोलिसांना सांग, चूक चिंतूची नव्हती. सोमवारी नऊ वाजताच मी ठाण्यासमोर उभी असेन. आलास, तर आत तुझ्यासोबत येईन.

एके काळची तुझीच,
शैला