मी वाढायचं सोडलं

दादा,

संस्था रोज फुकट जेवण देते, तिथं मी वाढायला जाते, हे तुला ठाऊक नव्हतं. तुझा कारखाना बंद पडलाय, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? परवा रांगेतून छोटीचं बोट धरून तू माझ्यासमोर आलास. मला पाहून म्हणालास, "सहज डोकावलो होतो." तिच्या हातातलं ताट काढून ठेवलंस. "बाबा, पण भूक लागलीय ना," ती म्हणाली. तू तिला ओढतच बाहेर नेलंस.

संध्याकाळी मी डबा घेऊन आले, तर दार उघडलं नाहीस. लहानपणी स्वतःच्या ताटातलं मला वाढणारा तू. माझ्या हातचं कसं घेशील?

म्हणून मी आत भांडी घासायचं काम मागून घेतलं. आज मी वाढताना दिसले नाही म्हणून रांगेत थांबला असशील. भिंतीपलीकडून, वाढणाऱ्या बाईंना विचारताना, तुझा आवाज ऐकला, "ताई, मुलीला अजून थोडं मिळेल का?" माझे हात पाण्यातच थांबले. मी बाहेर आले नाही.

हे पत्र तुला देणार नाही. दिलं तर उद्या तू यायचा नाहीस.

तुझी धाकटी