ओढ्यात पुढं कोण

मंद्रूप, १० नोव्हेंबर १९७४

चि. धुळास, आजी केराबाईचा आशीर्वाद. वि. वि. आमचा तळ सध्या मंद्रूपच्या माळावर हाय. मेंढरं ठीक, मी ठीक, गुडघे त्यांच्या मर्जीनं.

तुझं पत्र अक्षर लावून लावून वाचलं. विमानातनं उडी मारायच्या आधी सरावाला मचाणावरनं उडी मारायची, आन् तू वरनंच मागं फिरलास. अठरा तारखेला सोमवारी आणखी एकदा संधी; न्हाय जमलं तर कमांडोची टोपी गेली, जुन्या पलटणीत परत. तुझ्या आईला सांगितलं न्हाय. कळलं तर उडी टळली म्हणून साखर वाटत सुटंल.

मला एक सांग, रांगेत सगळ्यांच्या मागं का हुबा राहिलास? कळपामागं चालायची खोड! मागं राहून दुसऱ्यांचे पाय लटपटताना बघितलेस, मग तुझे लटपटले. अरे, माळावर मेंढका मागं चालतो. पण ओढा आला की? मेंढरं पाण्याकडं बघत हुबी. तवा तू एकाचा कान धरून पहिला पाण्यात उतरायचास की! उस्तादाला म्हण, मला पुढं घाला. कान तुझा तूच धर.

न्हाय जमलं तर सुट्टी काढून घरी ये, भाकरी कुणी तोडणार न्हाय. तुझी काठी तशीच हाय, धाकट्या गुंडालाबी हात लावू देत न्हाय.

लोभ हाय, लिहायला कागद पुरत न्हाय.
केराबाई

आग्रा, ८ डिसेंबर

ती. आजीस, धुळाचा शि. सा. न. वि. वि. त्या सोमवारी पुढची जागा मागितली. उस्ताद म्हणाले की पळपुटा आज नवरदेव झाला. मचाणावर चढताना कान खरंच धरला होता. उडी झाली.

मग विमान. दारातून यमुना गुंडाच्या करगोट्याएवढी दिसली. बघत राहिलो नाही, पहिला गेलो. जमिनीवर आल्यावर मान वर करून मोजत बसलो, मागचे सगळे आले का. उस्ताद खवळले, आधी आपली छत्री गोळा कर म्हणाले. सगळे आले होते, आजी.

काल लाल टोपी मिळाली. कमांडोत ठेवून घेतलं. आईला तूच सांग. माया असू दे.
तुझा धुळा

मंद्रूप, २० डिसेंबर

चि. धुळास आशीर्वाद. वि. वि. आईला सांगितलं. आधी रडली, मग बाजारभर सांगत फिरली. भाजीवाल्या चन्नम्माला विमानाचा आवाजबी काढून दाखवला.

मोजलंस ते बरं केलंस. उस्तादानं मेंढरं राखली न्हाईत, त्याला काय ठावं.

सुट्टीला टोपी घालून ये, लांबनं वळखू येशील.

तुझी काठी आज गुंडाला दिली. त्याला उंच होत होती, खालनं वीतभर तोडली.

आठवण ठेव.
केराबाई