गल्लीचं पॅड आणि सातवं घर

हिनोसावा,
१९ नोव्हेंबर

आदरणीय पुरिंग मावशींच्या उजव्या हाताला इथूनच कपाळ टेकवून फ्लोरो आणि मिंदा यांचा नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. धरून चालायचं कारण एवढंच, की तुमचं शेवटचं पत्र ऑगस्टमध्ये आलं. त्यात तुमच्या गुडघ्याबद्दल एक ओळ होती आणि माझ्या अक्षराबद्दल सव्वा पान. त्यानंतर मी दोन पत्रं टाकली, दोन्हींना उत्तर नाही. फोन लावून उपयोग नाही, कारण झिजू नये म्हणून तुम्ही तो बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवता, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी मी दर रविवारी लावतोच. आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे जिवंत आहोत. मी भित्रा आहे असा शेरा तिसरीच्या प्रगतिपुस्तकात तुम्हीच मारला होता (सगळा वर्ग ऐकत असताना वाचूनही दाखवला होता), त्यामुळे पुढचा मजकूर वाचून तुम्हाला नवल वाटणार नाही.

मागच्या पत्रात लिहिल्याप्रमाणे आम्ही दोघं शिकवतो त्या शाळेमागची खोली सोडून सप्टेंबरात गावाच्या वरच्या अंगाला घर घेतलं. पाच वर्षं त्या खोलीत होतो तेव्हा आम्ही कोणाचेच शेजारी नव्हतो आणि किती सुखात होतो हे आता कळतंय. इथे गल्लीत आठ घरं. आमचं सातवं. गल्लीच्या तोंडाशी तोकिवाआजी राहतात, वय ब्याऐंशी, यंदाच्या गल्लीप्रमुख. कचरा ठेवायच्या जाळीशेजारीच त्यांची खिडकी. इथे कचऱ्याची पिशवी पारदर्शक असते आणि तिच्यावर घराचं नाव लिहावं लागतं. म्हणजे आम्ही काय खाल्लं, काय टाकलं, कोणत्या रात्री कंटाळून डब्यातला मासा खाऊन झोपलो, हे सगळं आमच्या नावानिशी मंगळवारी सकाळी गल्लीत मांडलेलं असतं. पहिल्याच आठवड्यात आजी आमची पिशवी हातात धरून दारात आल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, या बाटलीला झाकण फार आवडतं वाटतं, सोडतच नाहीये." तेव्हापासून मिंदा झाकणं वेगळी धुऊन, पुसून, सुकवून ठेवते आणि मी मंगळवारी पिशवी ठेवून पळत येतो. (पळताना दिसू नये म्हणून शाळेला उशीर झाल्यासारखं घड्याळ बघत पळतो.)

तर ऑक्टोबरच्या मध्यावर एका दुपारी शाळेतून आलो, तो दाराच्या कडीला एक पिशवी लटकलेली. आत परीक्षेला नेतात तसलं एक पॅड, त्याला लावलेले काही कागद आणि वर एक छापील तक्ता. तक्त्यात गल्लीतल्या घरांची नावं आणि प्रत्येक नावापुढे लाल गोल शिक्का. तोकिवाआजींचा, शेवयांच्या खानावळवाल्यांचा, त्या अबोल सुताराचा, असे सहा शिक्के. सातवं नाव आमचं, त्यापुढे रिकामं. मावशी, मला इथली भाषा बोलता येते, भांडताही येईल इतकी येते (हिंमत नाही, ती वेगळी गोष्ट), पण वाचायच्या बाबतीत मी दुसरीतल्या पोराच्या पुढे गेलेलो नाही. पहिल्या पानावर हसरं अस्वल होतं, हातात तेंदूचं केशरी फळ घेऊन वाकून नमस्कार करणारं. आता आमच्या गावाचं बोधचिन्हच अस्वल आहे. भातलावणीच्या जत्रेच्या कागदावर तेच असतं, रक्तदाबाच्या शिबिराच्या कागदावरही तेच. सहा घरांचे शिक्के, खाली आमचं नाव आणि नमस्कार करणारं अस्वल. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मिंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. या गावात पाच वर्षं काढल्यावर गल्लीने आमचं लेखी स्वागत केलं होतं. (आमच्या खाली आणखी एक नाव होतं. ते छापणाऱ्याचं असावं असं मिंदाचं मत पडलं.)

असा मानाचा कागद कपाटात कोण ठेवतं? मी तो बैठकीच्या भिंतीवर, आपल्या बाळ येशूच्या मूर्तीखाली खिळा ठोकून लावला. मिंदाने दोन्ही बाजूंना कापडी फुलं खोवली. मग रविवारी चोवीस अंडी फोडून दुधापाकातले सहा गोड फ्लान केले, तुमच्याच पद्धतीने, आणि सहा घरी जाऊन वाकून आभार मानले. कशाबद्दल आभार, हे कोणी विचारलं नाही. इथे विचारत नाहीत. सहाही घरांनी दोन दिवसांत परतभेट पाठवली, कारण घेतलेल्या भेटीची फेड केल्याशिवाय इथल्या माणसाला अन्न गोड लागत नाही. त्यामुळे आमच्याकडे आता अकरा मुळे, दोन टॉवेल आणि खारवलेल्या आलुबुखाराची एवढी मोठी बरणी आहे की तिला आम्ही घाबरून कपड्यांच्या कपाटात ठेवलंय.

त्यानंतर तोकिवाआजींच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा आल्या, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, आमच्या खांद्यावरून आत भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वा, छान जागा दिलीत हो." गेल्या. चार दिवसांनी पुन्हा आल्या. "अजून तिथेच आहे नाही? फुलंसुद्धा लावलीत." गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बराच वेळ उभ्या राहून म्हणाल्या, "आजकाल थंडी लवकर पडते. वरच्या अंगाला तर फारच." यातल्या एकाही वाक्यात आम्हाला काही कमी-जास्त वाटू नये, पण जायच्या आधी त्या दरवेळी श्वास दातांतून आत ओढायच्या. इथे माणूस असा श्वास ओढतो तेव्हा काहीतरी भयंकर घडलेलं असतं. मी रात्री पिशवीतल्या झाकणांचा हिशेब आठवत बसायचो. मिंदाला वाटायचं, माशाच्या काट्यांमुळे मांजरं येतात. आमचा शिकवण्याचा करार नोव्हेंबरात नव्याने व्हायचा होता, आणि शिक्षण कचेरीतले कुवाबारासाहेब करार देण्याआधी गल्लीप्रमुखांना विचारतात, असं शाळेतल्या संगीताच्या बाईंनी सहज सांगितलं होतं. (त्या बाई सहज सांगतात आणि माझं जेवण जातं.) घरी परत पाठवलं तर तुम्हाला तोंड काय दाखवायचं, या विचाराने माझं वजन तीन किलो उतरलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी कुवाबारासाहेब स्वतः आले. हातात कराराचं पाकीट. मिंदाने चहा ठेवला, ते बसले, पाकीट टेबलावर ठेवलं, चहाच्या कपाला हात घातला, आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. मावशी, माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला.

"मास्तर, हे इथे कधीपासून आहे?"

मी अभिमानाने सांगितलं, अठरा दिवस.

"आणि इवाबुची आजोबांना शेवटचं कधी पाहिलंत?"

मी विचारलं, कोण इवाबुची आजोबा. तेव्हा त्यांनी उठून आमच्या खालच्या त्या छापणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं.

ते पॅड स्वागताचं नव्हतंच. ती गल्लीची दर महिन्याच्या मध्याला निघणारी फिरती नोटीस. वाचायची, शिक्का मारायचा आणि त्याच दिवशी पुढच्या घरी हातोहात द्यायची. नोटीस अशी की वरच्या जंगलातून अस्वल उतरलं आहे, ज्याच्या अंगणात तेंदूचं झाड असेल त्याने सगळी फळं ताबडतोब उतरवावीत, नाहीतर ते झाडावर येतं. पण कुवाबारासाहेबांचा रंग त्यासाठी उडाला नव्हता. आठव्या घरात इवाबुची आजोबा एकटे राहतात, वय शहाऐंशी, ओढ्यापलीकडे, सिडारच्या झाडांत. भाजीवाला सामान पुलापाशी पेटीत ठेवून जातो. ते जिवंत आहेत की नाहीत हे गल्लीला कळण्याची रीत एकच. सातव्या घराने पॅड घेऊन जायचं, दार वाजवायचं आणि त्यांच्या हातात द्यायचं. तोकिवाआजींना त्यांच्या गुडघ्यांनी पूल चढता येत नाही. बाकीच्यांना वाटलं, सातवं घर बघतंय. सातवं घर कापडी फुलं लावत बसलं होतं.

मी कुवाबारासाहेबांना म्हटलं, आपण पोलिसांना बोलावू. ते म्हणाले, बोलावू, पण हे काम सातव्या घराचं आहे. मग आम्ही निघालो. पुढे मी, गळ्यात शाळेच्या सहलीची, अस्वलं दूर ठेवायची घंटी, छातीशी पॅड. मागे मिंदा, पातेलं आणि डाव घेऊन, जोरजोरात वाजवत आणि मधूनमधून सगळ्या संतांना हाका मारत. सगळ्यात मागे कुवाबारासाहेब, पाकीट डोक्यावर धरून. (अस्वल वरून येतं असं त्यांना का वाटलं, देव जाणे.) पूल ओलांडला तर समोर तेंदूचं झाड. एका बाजूच्या फांद्या मोडून लोंबत होत्या, खोडावर नखांचे ओरखडे, खाली फळांचा चिखल आणि त्या चिखलात एक असा ढीग, जो तेंदू खाल्लेल्या मोठ्या जनावराखेरीज कोणी घालू शकणार नाही. माझे पाय तिथेच थांबले. मिंदाने मागून डाव टोचला.

दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. आतून कोणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबणारा. तो टीव्हीचा असणार हे कळलं, आणि त्यामुळे जास्तच भीती वाटली, कारण टीव्ही कोणीही नसताना चालू राहू शकतो. दार सरकवलं, उघडंच होतं. आणि मावशी, मागे अस्वल, पुढे काय असेल ते असेल, अशा वेळी मी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि टोकं दाराकडे करून नीट जोडून ठेवले. कुवाबारासाहेबांनीही ठेवले. मिंदा आम्हा दोघांना ओलांडून पायमोज्यांवर आत गेली आणि तिने किंकाळी फोडली.

आत धावलो. आजोबा खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलात पाय घालून बसले होते. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर दोन कप पालथे. तेही किंचाळत होते. आम्ही तिघं आणि ते एक, असे चौघं थोडा वेळ एकमेकांकडे बघून किंचाळलो. मग ते थांबले आणि म्हणाले, "अठरा दिवस! अठरा दिवस मी रोज दाढी करून बसतोय! कुठे होतात?"

मी पॅड पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. भिंतीशी त्यांच्या बायकोच्या फोटोचा देव्हारा होता, त्याकडे बोट दाखवलं. तिथे उदबत्ती जळत होती आणि बशीत दोन तेंदू ठेवले होते. "ते तुमचे आहेत," ते म्हणाले. "झाडावर ते आलं, पॅड काही येईना. म्हटलं, सातव्या घराला खाल्लंन वाटतं. बिचारे. परक्या मुलखात. कोण करणार त्यांचं?"

आणि मग ते रडायला लागले, मावशी, आणि मिंदा पातेल्यासकट त्यांच्याजवळ बसली. मी पालथे कप सरळ केले. दुसरं काय करावं मला कळलं नाही.

तेव्हा सांगायचं ते हे, की आता हे भय सोसत नाही. अस्वल, झाकणं, शिक्के, श्वास ओढणारी माणसं. तुमच्या जुन्या शाळेत नव्या मुख्याध्यापकांकडे आमच्या दोघांसाठी शब्द टाकावा. पगार कमी चालेल. घरी परत यावंसं वाटतं.

तुमचा आज्ञाधारक,
फ्लोरो

ता. क. १: शब्द टाकू नका. कुवाबारासाहेबांनी त्याच टेबलावर पाकीट उघडलं आणि आम्ही आणखी दोन वर्षांच्या करारावर शिक्के मारले. तोकिवाआजींनी असंही जाहीर केलंय की ज्याने पॅड सगळ्यात जास्त सांभाळलं त्यानेच पुढच्या वर्षी गल्लीप्रमुख व्हावं. आता सगळे मला विचारतील आणि मी श्वास ओढीन.

ता. क. २: खरी गोष्ट लिहायला जागा उरली नाही म्हणून समासात लिहितोय. ते दार वाजवताना माझ्या डोळ्यांसमोर इवाबुची आजोबा नव्हतेच, त्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं. तुमचं निळं दार होतं. काका गेल्यापासून तुम्ही एकट्या आहात, ऑगस्टपासून पत्र नाही, आणि तुमच्या बाजूने सातवं घर कोण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फार भीती वाटते, मावशी.

ता. क. ३: सोबत एक पॅड पाठवलंय. तक्ता मी आखलाय, तुमच्या रस्त्यावरची आठ घरं. दर सोमवारी निघेल, पाद्रीबाबांपासून. सातवं घर चोलेंगबाईंचं आहे. त्यांच्या कोंबड्यावरून तुम्ही नऊ वर्षं त्यांच्याशी बोलत नाही, हे ठाऊक आहे. बोलायची गरज नाही. त्या दार वाजवतील, तुम्ही उघडायचं, रकान्यात अंगठा उठवायचा. मी त्यांना वेगळं पत्र लिहिलंय आणि त्यांनी उलट टपाली हो म्हटलंय, तुमच्याहून लवकर. आठवा रकाना तुमचा. भरला की पॅड लगेच परत पाठवा. भिंतीवर लावू नका.